देवगांडूळ आणि तिसऱ्यावाली शेवंताबाय

मंडळी, एक सांगा! लाखात एक असतं ते मोठं, का घरोघरी असतं ते? आजोबा, नुसती मान डोलवू नका, उत्तर द्या! नाही येत? मग ऐका.

खाडीकाठची शेवंताबाय. चिखलात हात घालून तिसऱ्या काढणारी. शिंपल्यातल्या तिसऱ्या हो! — बघा, नाव काढलं तर कुणीतरी आवंढा गिळला! एकादशी आहे, महाराज!

तिची लेक कुंदा घाटावर दिलेली. पहिलटकरीण. बाळंतपण माहेरीच ना? शेवंताबाय न्यायला गेली. पण विहीण गंगूताई कसली! पायरीवरनंच —

"आमचा नातू काय चिखलात जन्मायचाय? आमच्या रानातला एकेक जिन्नस लाखात एक! तुमच्या तिसऱ्या काय, पाटीनं मिळतात!"

लेक दारात रडतेय.

तेवढ्यात परसात ओरडा — "साप! साप!" व्याही रामजी कोयता घेऊन धावले. ओहोळाकाठी दगड उलटलेला, खाली काळं, ओलं वेटोळं. कोयता वर गेला —

"थांबा! मारू नकात!" शेवंताबायनं थेट हात घातला! सगळे मागं सरले, ही पुढं!

"अहो, डसेल!"

"ह्येच्या अंगार खवला नाय. बुळबुळीत आसा. साप असो नसता!"

जन्मभर चिखल चाचपलेली बोटं ती! — तुम्ही नका हां करू असलं, तुमची बोटं मोबाईलवर चालतात!

"आणि ह्या बघा, खाली अंडी. राखत बसली हा. आवस आसा ती, पोरांची आवस!"

आवस म्हणजे आई, मंडळी. रामजी वाकले. कोयता गळाला.

"अरे, हे तर देवगांडूळ! बेडकाचं भाऊबंद. आज्यानं एकदाच दाखवलं होतं. आता दिसतंय कुठं?"

ऐकलंत? लाखात एक म्हणून मिरवायचं, आणि समोर आलं की कोयता! अरे, नावात देव आहे त्याच्या!

शेवंताबायनं दगड अलगद जागेवर ठेवला. हात धुतले. आणि ताठ मानेनं विहिणीला म्हणाली, "येनीबाय, तिसऱ्यो पाटीन मिळतत, खरा. पण बारकी तिसरी आमी परत चिखलात सोडतो — म्हणान मिळतत!"

वा! काय बोलली माउली!

गंगूताई आत गेली. तांदूळ-नारळ आणून सुनेची ओटी भरली. म्हणाली, "न्या विहीणबाई. नातू तुमच्या हातात आला, तर मला घोर नाही."

तर मंडळी, घरोघरी जे आहे ना, ते कुणीतरी राखलंय म्हणून आहे! आणि आपण त्यांनाच हलकं म्हणतो. ते बघा, खाडीकडची माणसं मागं चपलांजवळ बसलीत. का बरं? — उठा! या पुढं! सरका रे, जागा करा त्यांना!