सांभाळून राहा

माझा जन्म कोरेगाव तालुक्यातला, वडील शाळेत शिपाई, घरात सायन्स शिकलेला मी पहिलाच, म्हणून रक्त-लघवी तपासायचा कोर्स केला तर आई गावभर सांगत फिरायची, आमचा ल्योक निम्मा डॉक्टर झालाय. निम्माच झालो बघा. काय सांगू तुम्हाला, त्या निम्म्यातच सगळं आलं.

नव्वदीच्या शेवटाला मी सांगली जिल्ह्यातल्या एका सरकारी दवाखान्यात तपासणीच्या खोलीत होतो. आमच्या भागातली माणसं गलाईच्या धंद्यात, सोनं-चांदी गाळायला पार मद्रासकडं, पंजाबात जायची, वर्षातनं दोनदा घरी यायची. तवा एचआयव्हीचे रिपोर्ट निघायला लागले, आणि ते पेशंटला समजावून सांगायचं काम कुणाचं हे काही ठरलेलं न्हवतं, मग मलाच तीन दिवसांच्या ट्रेनिंगला धाडलं. तिथं एक डॉक्टरबाई होत्या, लय चांगलं शिकवलं त्यांनी. नवराबायकोत एकालाच आजार असंल आणि त्यांना मूल हवं असंल तर काय बोलायचं, हेसुद्धा शिकवलं. नको म्हणून हाकलू नका, म्हणाल्या, कायम निरोध वापरायला सांगा, मूल दत्तक घेता येतं तेही सांगा, आणि पोटचंच हवं म्हणाले तर धोका सरळ सांगा, तो कमी करता येतो पण संपत न्हाई, म्हणून आधी मोठ्या दवाखान्यात पाठवा. एवढं सगळं एका कागदावर छापून दिलं होतं. तो कागद मी टेबलाच्या खणात ठेवला.

मग ती दोघं आली. खरी नावं सांगत न्हाई, विलास आणि शालन म्हणा. विलास गलाईवाला, त्याचं रक्त पॉझिटिव्ह. शालनचं निगेटिव्ह. सासू बाहेर व्हरांड्यात, ही दोघं माझ्यापुढं बाकड्यावर. शालननं पदर तोंडाशी धरून विचारलं, अण्णा, आमास्नी ल्येकरू व्हईल का वो? आता मी पन्नाशीकडं झुकलेला, समोर पोरीच्या वयाची बाई, निरोध हा शब्द जिभेवर आला आणि तिथंच बसला. म्हणालो, डॉक्टरसाहेबांना विचारा. साहेब म्हणाले, कदम, तुम्हीच सांगा की, ट्रेनिंगचं जेवण तुम्ही जेवून आलाय. झालं, दोघं परत माझ्याकडं. मला वाटलं, मी काही सांगितलं आणि उलटं झालं तर कोण मला सोडंल? निम्मा डॉक्टर मी. म्हणालो, देवावर हवाला ठेवा आणि सांभाळून राहा. व्हय म्हणाली ती. ती गेल्यावर मी रजिस्टरात शिक्का मारला, समुपदेशन केले, आणि खाली सही.

सात-आठ महिन्यांनी ती पेढे घेऊन आली. कपाळाला म्हसवडच्या सिद्धनाथाचा गुलाल, चौथा महिना चाललेला. अण्णा, घ्या की, तुमी सांगितलं तसं लय सांभाळलं बगा त्यांस्नी, रोज अंडं दिलं, दूध दिलं, उन्हात म्हणून धाडलं न्हाई, म्हणून तर ह्यो दिवस दिसला. पेढा माझ्या तोंडात होता. मी चाचरत विचारलं, आणि ते दुसरं? तर म्हणाली, दुसरं काय वो?

हात धुतले आणि तिचं रक्त काढलं. मीच तपासलं. दोनदा तपासलं, दोन्ही वेळा पॉझिटिव्ह आलं.

पोटातल्या बाळासाठी औषध निघालंय म्हणत होते, ते आमच्यापर्यंत पोचलं न्हवतं. मुलगी झाली. विलास पुढच्या वर्षी गेला, आणि ती पोर तीन वर्षांची व्हायच्या आत गेली. नुसती गोरीपान होती, माझ्या खोलीत यायची तवा सुई बघून रडायची न्हाई, काचेच्या नळ्या मोजायची, एक, दोन, चार.

पुढं औषधं आली, शालन जगली. मी रिटायर झाल्यावर फलटणच्या स्टँडवर भेटली. बसली शेजारी. म्हणाली, अण्णा, एक इचारू? तवा काय वाट हुती का वो? कुणाला ठावं हुतं का कायतरी? मी म्हणालो, न्हाई बाई, तवा कुणालाच काय ठाऊक न्हवतं. मग कुणाचाच दोष न्हाई, म्हणाली, आणि वाकून माझ्या पाया पडली. आणि मी, काय सांगू तुम्हाला, तिच्या डोक्यावर हात ठेवला.

साहेबांकडं बोट दाखवून सुटता येतं, पण तिनं बाकड्यावर बसून मला विचारलं होतं. ठाऊक होतं ते मला. लाजेनं बोललो न्हाई की भीतीनं, आता निवडायला बसलो तर दोन्ही हाताला लागतात.

माझं आता पंचाहत्तरावं चालू हाय, डोळ्याला कमी दिसतं. शालन भावाकडं असती, म्हशींचं बघती, बरी हाय म्हणतात. सुखी राहू दे तिला. तुम्ही हे लिहून घेताय, तर छापायच्या आधी तिला वाचून दाखवा, ती काय बोलंल ते मला येऊन सांगा, शिव्या दिल्या तर शिव्या सांगा. छापू नका म्हणाली तर फाडून टाका. पण तिला वाचून दाखवाल त्यात निरोध हा शब्द लिहा, कागद खणात होता ते लिहा, स्टँडवर मी खोटं बोललो ते लिहा. एवढं करा. सांभाळून लिहू नका.