दगडावरची कोरी जागा

माननीय अध्यक्ष, व्यासपीठावरचे आदरणीय फादर, पाहुणे मंडळी आणि बाकांवर दाटीवाटीने बसलेल्या माझ्या आयाबहिणींनो,

माझा नातू उद्या पलटणीत चाललाय. गावाने त्याच्यासाठी सभा भरवली, वर मलाही माइक दिला. तो जरा लांबच धरते. माझा आवाज तसाही तीन आळ्यांत जातो, सून साक्षीला आहे. हसता काय? खरंच आहे ते.

गणवेशात काय दिसतो हो पोरगा! बाह्या तेवढ्या लांब होत्या, त्या मी सकाळी आत दुमडून शिवल्या. ऊर भरून आलाय माझा. आणि पोटात गोळाही आलाय. दोन्ही एकदम येतं का? येतं, बायांनो.

आपल्या चर्चच्या भिंतीवर तो संगमरवरी दगड आहे ना, लढाईत पडलेल्या माझ्या थोरल्या भावाचा? मला वाचता येतं ते तेवढं एकच नाव. तेच हौसेने नातवाला ठेवलं. आता भिंतीवर कुणाचं नाव वाचतेय, माझं मलाच कळेनासं झालंय.

दगड बसवला तेव्हा नावाखाली हातभर जागा कोरी राहिली. आईने विचारलं, "इथे काय कोरणार?" पाथरवट म्हणाला, "राहू द्या बाई. गावात पोरं आहेत, लढाया काय संपल्यात?" आई त्या बाजूच्या बाकावर पुन्हा कधी बसली नाही.

पलटणीत जाणाऱ्याने आधी तो दगड पुसायचा, ही आपली रीत. आज नातवाने पुसला. नावावरून फडकं फिरवलं आणि खाली त्या कोऱ्या जागेवर आला. घासूनघासून लख्ख केली! मी ओरडले, "अरे, तिथे नको!" तर म्हणतो, "आजी, तिथेच तर धूळ जास्त आहे." मी त्याच्या हातातलं फडकंच ओढून घेतलं.

तर फादर, चारचौघांत विचारते, म्हणजे तुम्हाला नाही म्हणायची सोय नको. त्या जागेत वेल कोरून घेऊ द्या. पानं, फुलं, पाखरं, काहीही. पण इतकं दाट, की एक अक्षर मावायला नको. कुणाच्याच पोराचं.

डोलावली ना मान? सगळ्यांनी पाहिलं हं!

बोलावलंत, माझं पाल्हाळ ऐकलंत, उपकार झाले. शिकलेली नाही मी. अधिकउणं बोलले असेन तर पोटात घाला. आणि तू रे, बाहीची शिवण उसवली तर तिकडे कुणाकडून घालून घेऊ नकोस. घरी घेऊन ये.