ताई दगडांकडे, मी समुद्राकडे

हॅलो?… हॅलो, ताई?… हो, मीच. दुसरं कोण असणार माझ्या फोनवर!… अगं, येतंय ऐकू, तू ओरडू नकोस. आवाज समुद्राचा आहे. नाही, पंखा नाही गं, समुद्र. तोच तो, ज्याला तू 'एकदा बघितला की झाला' म्हणतेस.

झाला ना नाश्ता. तुझा?… बरं. काय सापडत नाही?… नी-कॅप? गुडघ्याची?

थांब. शोधू नकोस. माझ्याकडे आहे ती.

माझ्याकडे म्हणजे माझ्या बॅगेत, आतल्या कप्प्यात… हो, तुझीच. मी कशाला पळवू, माझे गुडघे अजून धड आहेत. अगं, ऐक ना. निघायच्या आदल्या रात्री आपण बॅगा कशा भरल्या?… नेहमीसारख्याच ना? जड ते तुझ्या बॅगेत, बारीकसारीक माझ्या. दरवर्षी तू माझ्याकडे मुक्कामाला येतेस, जेवणं उरकली की पलंगावर पसारा मांडायचा, आणि दोघींचं मिळून दोन बॅगांत कोंबायचं. यंदाही तेच केलं आपण. एक बॅग या गाडीने जाणार आणि दुसरी त्या गाडीने, हे दोघींपैकी एकीच्याही टाळक्यात शिरलं नाही!

हो ना! मला तरी कुठे सुचलं! मी तर वर तुला म्हटलं, टॉवेल खाली घाल, साबण माझ्याकडे दे.

मग? माझ्याकडे काय काय आहे ऐक. दोन टूथपेस्ट. दोन कंगवे. तुझा वाचायचा चष्मा… हो, तोही. जुना आहे ना पर्समध्ये? मग चालव त्याच्यावर. आणि तू तुझ्या बॅगेत बघ, तळाशी, मोठ्या टॉवेलच्या घडीत. निळं काहीतरी असेल… बघ तरी… सापडलं? तो माझा पोहण्याचा ड्रेस.

हस. हस अजून. मी समुद्रावर येऊन कोरडी बसलेय आणि माझा पोहण्याचा ड्रेस संग्रहालयं बघत हिंडतोय. चपलाही तुझ्याचकडे. वाळूत दवाखान्यातले बूट घालून चालते मी. पांढरे, ते मऊ तळाचे… अगं, हसतेस काय! काल एका बाईंनी मला हॉटेलची नर्स समजून उन्हाने भाजलेल्या पाठीवर लावायला मलम मागितलं.

दिलं की. होतं ना माझ्याकडे. बारीकसारीक सगळं माझ्याकडेच.

नाही गं, नवीन कशाला घेऊ? इथल्या दुकानातले ते ड्रेस बघितलेस तर तू मला बहीण म्हणायची नाहीस. राहू दे. मी पाय भिजवते, तेवढं पुरे. बूट हातात घ्यायचे आणि जायचं घोट्यापर्यंत.

मजेत आहे. म्हणजे काय… मजेतच. हेच तर हवं होतं मला. वर्षभर दातांच्या डॉक्टरांशेजारी उभं राहून लोकांच्या उघड्या तोंडांत बघायचं. सुट्टीत तरी समोर काही नको, नुसतं पाणी असू दे… हो, तेच सांगितलं होतं मी तुला. आणि तू काय म्हणालीस? 'वाळूला इतिहास नसतो.' शाळा सुटून इतकी वर्षं झाली तरी तुझा खडू काही सुटत नाही हातातून!

अगं, भांडत नाहीये मी. नाही, नाही. तुझं बरोबरच होतं. मला पडक्या भिंतीत काही दिसत नाही, ते खरंच आहे. तुला तिथे राजे दिसतात, राण्या दिसतात, त्यांचं स्वयंपाकघर दिसतं, मला त्या पहारेकऱ्याची खुर्ची दिसते. वाटतं, तो उठला की आपण बसावं.

काय करते? सकाळी उठते. चहा पिते. मग इथे येऊन बसते. दुपारी जेवते, परत येऊन बसते… हो, एवढंच. हेच करायचं असतं इथे, ताई. बाकीचे तेच करतात आणि खूश दिसतात.

पण ते दोघं दोघं आहेत. सगळेच. इथे या लांब आरामखुर्च्या असतात ना, त्याही जोडीने मांडतात. एक छत्री, दोन खुर्च्या. एकच खुर्ची मागितली तर पोऱ्या… म्हणजे तो खुर्च्या मांडणारा माणूस, चांगला मिशीवाला आहे, तो म्हणाला, बाई, एकीची पद्धत नाही, छत्रीची सावली वाया जाते. मग मी शेजारच्या खुर्चीवर माझी पिशवी ठेवते. टॉवेल नाही, नाहीतर टॉवेल टाकला असता… काल एक गृहस्थ आले, विचारायला लागले, इथे कोणी आहे का? मी म्हटलं, हो, बहीण येतेय.

काय करू, गेलं तोंडातून. मग ते गेले दुसरीकडे. आणि संध्याकाळपर्यंत मला उगीचच वाटत राहिलं, की आता त्यांना दाखवायला तरी तू यायला हवीस.

नाही गं, रडत बिडत नाहीये. वारा आहे.

जेवणाच्या खोलीतही तेच. रोज सकाळी तो वाढपी दोन कप ठेवतो. मग एक उचलतो. मला बघून ओळखतो, हसतो, तरी आधी दोन ठेवतो आणि मग एक उचलतो. त्यालाही सवय लागली असेल दोनाची.

तू सांग ना तुझं. मीच बडबडतेय… राजवाडा बघितलास?… आणि ती पायऱ्यांची विहीर? किती पायऱ्या… देवा. उतरलीस तू? त्या गुडघ्याने, नी-कॅप नसताना?… ताई, तुला वेड लागलंय. चढलीस कशी?

कोण?

कोण कंडक्टरबाई?

अगं, कोण पण? कुठून आल्या?… तुझ्याच हॉटेलात उतरल्यात. बरं. बस कंडक्टर होत्या, आता घरी असतात. एकट्याच आल्यात?… बरं. मग?… हात धरून वर आणलं तुला. अच्छा. नाही, चांगलंच झालं की. आयुष्यभर गर्दीत माणसं सांभाळलीत म्हणजे त्यांनी. तुझं तिकीट नाही ना फाडलं?

हसतेय मी. हसण्यासारखंच आहे.

ताई, ऐक ना. मी काय म्हणते, तुझी नी-कॅप अशी माझ्याकडे राहणं काही बरं नाही. तुझे अजून दिवस आहेत. दुपारी इथून एक बस सुटते तुझ्या गावाला. मी सहज चौकशी केली, खाली ऑफिसात. संध्याकाळपर्यंत पोचते म्हणे. तर मी ती घेऊन… हो, नी-कॅप द्यायला म्हणूनच…

त्यांनी दिली? त्यांची?

दोन आहेत त्यांच्याकडे. बरोबर, कंडक्टरच त्या, पायावर उभं राहून गुडघे गेले असणार. बसते तुला नीट? घट्ट होत नाही?… बरं. मग काही प्रश्नच नाही.

नाही, कुठे काय. लाटा बघत होते.

ऐकतात तुझं? सगळं?… कोणत्या राजाने कोणत्या राजाला कधी मारलं तेही? आणि माझ्यासारख्या जांभया देत नाहीत?… प्रश्नही विचारतात! बघ, म्हणजे मिळाला तुला शेवटी पहिल्या बाकावरचा विद्यार्थी. मी शेवटच्या बाकावरची.

अगं, चिडून नाही म्हटलं. खरंच. तुला कोणीतरी मिळालं, तर मला बरं वाटणार नाही का?

ताई, एक सांगू? मला करमत नाहीये इथे.

नाही, हॉटेल छान आहे. खोलीतून पाणी दिसतं. जेवण चांगलं. झोपही लागते. तरी करमत नाही. आपण वर्षभर फोनवर भेटतो. तुझं बिल आलं, माझी कामवाली आली नाही, शेजारच्यांचं कुत्रं, हेच बोलतो. हा एक आठवडा काय तो आपला असतो. मग तू म्हणालीस, तू तुझा समुद्र बघ, मी माझे दगड बघते, आणि मी म्हटलं, बरं. मला वाटलं, मी बरं म्हटल्यावर तू पुढे काहीतरी म्हणशील… तुलाही तसंच वाटलं? मग बोलली का नाहीस, बये? दोघी एकाच पलंगावर बसून साबण-टॉवेल बॅगांत कोंबत होतो!

हो… हो… कळलं. दोघीही तशाच. आईवर गेलोय.

मग येऊ का मी?

नी-कॅपसाठी नाही. अशीच. आज दुपारच्या बसने. दगड बघायला येते. जांभया नाही देणार. दिल्या तरी तोंड झाकून देईन. तुझ्या खोलीत दोन पलंग आहेत ना, तू दोघींचीच खोली ठेवली होतीस ना, मला म्हणालीस, बदलायला कुठे फोन करत बसू…

काय?

कधीपासून?

नाही, नाही, मला काय वाईट वाटायचंय. त्यांच्या खोलीत पाणी गळत असेल तर त्या बिचाऱ्या काय करणार? पलंग रिकामाच होता. तू बरोबर केलंस. मीही तेच केलं असतं… नाही, हाकलायचं कशाला! अगं, काहीतरीच काय बोलतेस. आणि जमिनीवर गादी घालून झोपायचं माझं वय राहिलं का? दुसरी खोली नसेलच, सुट्ट्या आहेत… बघ, नाहीच ना. मग?

अगं, मी सहज विचारलं. बोलता बोलता. तू इतकं मनावर घेऊ नकोस… नाही भरली बॅग. कशाला भरीन? बॅग आहे तशी पडलीय पलंगाखाली. आज तर माझा बोटीतून फिरायचा बेत आहे. हो, असते ना इथे बोट. काचेच्या तळाची. मासे दिसतात… हो, जाणारच. पैसे भरलेत.

करमत नाही म्हणजे, सकाळी सकाळी जरा वाटतं तसं. दुपारनंतर ठीक होतं.

पुढच्या वर्षी?… तिघी?

बघू ना. पुढचं वर्ष अजून लांब आहे. हो, आवडेल की. का नाही आवडणार.

निघताय? कुठे आज?… लांब आहे का ते?… बस आली? मग जा, जा. तुझ्यामुळे ताटकळायला नको लोकांना… कोणाला देतेस? अगं, मला काय बोलायचंय त्यांच्याशी, मी ओळखत नाही, ताई, नको ना, ऐक…

हॅलो. हो, नमस्कार. हो, मी धाकटी बहीण… तिने सांगितलंय वाटतं सगळं माझं… हो हो, दातांचा दवाखाना. बूटही सांगितले का!… छान आहे इथे. शांत आहे. तुमचे आभार मानायचे होते, विहिरीतून तिला वर आणलंत… नाही, नाही, मानायलाच हवेत.

तुमच्याजवळ एक मिनिट आहे का? ती चढतेय ना बसमध्ये? तिला ऐकू जात नाही ना?… मग ऐका. पायऱ्यांवर तिचा हात धरलात, ते ठीक आहे. पायऱ्या तिला दिसतात, तिथे ती सावध असते. ती पडते सपाटीवर. म्हणजे असं, की मोठी इमारत आली ना, कमान, शिखर, काहीही उंच, की ती वर बघते आणि मागे मागे जाते. सगळं एका नजरेत मावलं पाहिजे तिच्या. वर बघत, बोलत, एकेक पाऊल मागे. मागे पायरी असो, खड्डा असो, गटार असो. तेव्हा हात धरून उपयोग नाही, सोडवून घेते. हात हलवल्याशिवाय बोलता येत नाही तिला… हो ना, शाळेतली सवय.

म्हणून तुम्ही तिच्या शेजारी उभ्या राहू नका. मागे उभ्या राहा. दोन पावलं मागे. ती मागे आलीच तर पाठ तुम्हाला टेकते, ती 'अगं, सरक ना' म्हणते आणि पुढे बोलायला लागते. तेवढंच… हो. मी नेहमी तिथेच असते.

नाही, तिला नाही माहीत. तिला वाटतं, मी कंटाळून मागे रेंगाळते. वाटू दे. सांगू नका हं तिला. कळलं तर ती सारखी मागे वळून बघेल, आणि मग तिचं बघायचं राहून जाईल.

हो, एवढंच… नाही, मला कसला त्रास. सवयीचं होतं. तुम्हालाही जमेल, तुमचा जन्म माणसं सांभाळण्यात गेलाय.

जरा द्या ना तिला फोन. एकच मिनिट. काही विशेष नाही, असंच…

बसली ती जाऊन? खिडकीशी?… नको, मग नका उठवू. गुडघा दुखेल. निरोप?… नाही, निरोप काही नाही. संध्याकाळी करेल ती, जमलं तर.

तुम्हीही निघा. हाका मारतायत तुम्हाला, मला इथे ऐकू येतंय. आणि तिकडे उतरल्यावर, ती वर बघायला लागली की… हो. बरोबर. मागे.

ठेवते.