सुरमईचा बर्फ इंजिनाला नाही

मी मूळचा मालवणकडचा, खाडीकाठचं गाव आमचं, बाप होडीवर जायचा. शाळेत मी गेलो ते मास्तरांनी छडी उगारेपर्यंत, मग काय गेलो नाही. मुंबईला आलो, मिलमध्ये लागलो, भांडुपला डोंगराच्या अंगाला खोली घेतली, लग्न केलं. मग तो संप झाला, आणि मिल गेली ती गेलीच. लोक रडले, मी रडलो नाही, रडून काय मिलमधला सांचा, माझा माग, सुरू होणार होता? आमची ही तेव्हा भांडुपच्या बाजारात मासे विकायला बसायची. पहाटे वर्सोव्याला जायची, माल घ्यायची, डोक्यावर पाटी, आणि बसमध्ये कंडक्टर चढू देत नसे. मी म्हटलं थांब, तू नुसती विकायला बस, माल मी आणतो. आणि जुनी मोटारसायकल घेतली. एका सिलिंडरची, वजनदार, भांडुपच्या उतारावर आवाज आला की बायका म्हणायच्या, सुलूचा नवरा आला.

आता माझा मेव्हणा. सीताराम. हिचा थोरला भाऊ, कंपनीत कामाला, पांढरा शर्ट, खिशाला पेन. त्याला हे अजिबात पटत नव्हतं. भावोजी, म्हणायचा, मासे वाहायचे म्हणजे काय, आमच्या कंपनीत वॉचमनची जागा आहे, मी शब्द टाकतो, सावलीत बसायचं, सलाम ठोकायचा. मी म्हटलं, सीताराम, सलाम मी ठोकणार नाही, तुझ्या साहेबालाही नाही. तो म्हणायचा, उन्हाळा येऊ दे मगे बघू.

आणि उन्हाळा आला की गाडी खरंच तापायची, खोटं कशाला बोलू. वर्सोव्यातून अंधेरी, साकीनाका इथपर्यंत ठीक, पण पवईचा चढ आला, मागे बर्फाची टोपली, वर ऊन, खाली डांबर, की पिकअप जायचा आणि आतून टकटक असा आवाज यायचा. तो आवाज आला की समजायचं, आता पिस्टन धरणार, म्हणजे आतच अडकून इंजिन जाम होणार. ह्या गाडीला पाणी-बिणी काही नसतं, वाराच तिचं पाणी. इंजिनावर त्या पात्या असतात ना, एकावर एक, त्यातून वारा गेला पाहिजे. मी काय करायचो, चढ संपला की तलावाच्या बाजूला पिंपळाखाली थांबायचो, इंजिन बंद, तोंड वाऱ्याकडे, आणि तळहात ठेवून बघायचो. हात ठेवता आला तर निघायचं, नाहीतर बसायचं. लोक हसायचे. हसू देत. गाडी माझी होती.

तर सीतारामच्या मुलीचं, बेबीचं लग्न निघालं, भर मे महिन्यात. आमच्यात लग्नाच्या दुसऱ्या दिवशी मुलाकडच्यांना तिखटाचं, म्हणजे मासळीचं जेवण असतं, आणि त्यात सुरमई नसेल तर व्याही तोंड वाकडं करतो. सीताराम म्हणाला, मी टेम्पो सांगतो. आमची ही उभी राहिली, म्हणाली, दादा, माझा घोव असताना टेम्पो कित्याक? तो हसला. सगळ्यांसमोर म्हणाला, बरं, भावोजी आणू देत, पण मासा मऊ पडला तर दुसऱ्या दिवसापासून वॉचमनची टोपी घालायची, कबूल? मी म्हटलं कबूल.

जेवणाच्या दिवशी नेमका बंदरावर माल उशिरा आला. सुरमया बघून घेतल्या, मोठ्या, डोळे चकचकीत. बर्फ फोडून भरला, वर ओलं गोणपाट, दोरी करकचून. निघेपर्यंत ऊन डोक्यावर आलं. साकीनाक्याला ट्रक आडवा पडलेला, तिथे रांगत रांगत पुढे, वारा नाही काही नाही, आणि चढाला लागलो तर टकटक सुरू. आता थांबलो तर मासा जातो, न थांबलो तर गाडी जाते, आणि गाडी गेली की मासापण जातो. मी थांबलो. कसाबसा चढ संपवून त्याच पिंपळाखाली लावली, टोपली सावलीला सरकवली आणि बसलो.

बसलो तर समोरून रिक्षा, आणि रिक्षातून सीताराम, शर्टाला इस्त्री, कपाळावर घाम. मला शोधायला निघाला होता. भावोजी, वाट लागली, व्याही येऊन बसलेत, तुम्ही काय हय बसलात? मी म्हटलं गाडी गरम आहे. मग, हे ऐका तुम्ही, त्याने टोपलीत हात घातला, बर्फाचा मोठा खडा काढला आणि इंजिनावर ठेवायला निघाला! मासा बर्फाने थंड होतो तर इंजिन का नाही, असा त्याचा हिशेब. मी त्याचा हात धरला, म्हटलं, तापलेल्या लोखंडावर बर्फ ठेवशील तर चिरेल ते, आणि सुरमईचा बर्फ इंजिनाला द्यायचा नाही, मागे ठेव. तो म्हणाला, अहो एक खडा. मी म्हटलं, एक नाही, अर्धा नाही. रस्त्यावर आम्ही दोघे ओरडतोय, बर्फ त्याच्या मुठीतून गळतोय, शर्ट ओला.

मग म्हणाला, ठीक, टोपली रिक्षात टाका. रिक्षावाला लगेच, मछली नहीं लेगा साब, बास मारता है. सीतारामने दोन शिव्या दिल्या, त्याने चार दिल्या आणि निघून गेला. मला हसू आलं, काय करणार! आता दोघेही पिंपळाखाली. हात ठेवला, भाजला. बसलो. परत ठेवला, भाजला. सीताराम म्हणतो, टोपी तयार ठेवा. मी म्हटलं, तू गप बस. मग एकदा ठेवला तर ठेवता आला. मी टोपली बांधली, किक मारली. तो मागे चढायला लागला. म्हटलं, उतर, तुझं ओझं इंजिनाला नको, चालत ये नाहीतर बसने ये. आणि निघालो, वळूनपण बघितलं नाही.

लग्नघरी पोचलो तर बायकांनी ओल्या खोबऱ्याचं वाटप वाटून ठेवलेलं, व्याही दारात तोंड पाडून. हिने गोणपाट काढलं, सुरमईचे कल्ले उघडले, लाल. मग शेपटी धरून सगळ्यांसमोर उभी केली. वाकली नाही. हिने मान वर केली आणि नुसतं म्हणाली, तवे ठेवा. सीताराम जेवणं अर्ध्यावर आल्यावर पोचला, बसमधून, आणि पहिली तुकडी मी स्वतः त्याच्या पानात वाढली. खाल्लीन. टोपीचं नाव पुन्हा कधी काढलंन नाही.

पुढे गुडघे गेले तेव्हा ते काम सोडलं, उन्हाला भिऊन नाही सोडलं. सीताराम आता म्हातारा झाला, येतो कधी कधी, अजून म्हणतो, भावोजी, तेव्हा पिस्टन धरला असता तर? मी म्हणतो, धरला नाही ना? झालं तर. ही आतून म्हणते, किती वर्षं तेच तेच.

तुम्ही एवढं लिहून घेतलंत, देव तुमचं भलं करो, चहा घ्या. पण तुमची गाडी बाहेर भर उन्हात लावलीय, ती आधी भिंतीच्या सावलीला घ्या. जा, घ्या. मग बोलू.