जाड घे, जाड!

...नाही, मला एक सांगा, सल्ला देण्याआधी माणसानं ती वस्तू निदान एकदा तरी ढुंगणाखाली घेतलेली असावी की नाही? पंक्चर होते माझी इलेक्ट्रिक सायकल, आणि घरात जेवढे म्हणून पन्नाशी ओलांडून बसलेत, त्या सगळ्यांना टायरमधलं कळतं! बाबा तर पेपरातून डोकं वर न काढता सांगतात, "जाड घे, जाड!" झालं. संपलं संशोधन.

हसू नका. माझी नोकरी त्या टायरवर आहे. मी दात पोचवतो. हो, दात! कवळ्या, कॅपा... लॅबमधून दातांच्या डॉक्टरांकडे. तिकडे पेशंट खुर्चीत आडवा, तोंड उघडं, आणि त्याचे दात कुठे? माझ्या पाठीवर! आणि मी कुठे? पुलाखाली, पंप मारतोय! दोनदा झालं असं. लॅबवाल्या मॅडम थंडपणे म्हणाल्या, "तिसऱ्यांदा उशीर झाला ना, की तू येऊ नकोस, नुसती पिशवी परत पाठव."

म्हणून गेलो दुकानात. दुकानदार टायर कसले दाखवतो, स्थळं दाखवतो! "हा बघा, याच्या पोटात पट्टी आहे, काच रुतणार नाही... हा डोंगरातला, मोठ्या गट्ट्यांचा, दगडाला दाद देत नाही..." मी म्हटलं, डोंगर राहू द्या, मला डांबरावर जायचंय, काचा-खिळ्यांतून, आणि सायकल अंगानं जड आहे, मागच्या चाकात मोटर, वर बॅटरी. पट्टीवाला द्या. तो गुंडाळायला लागला, तेवढ्यात बाबा... हो, बरोबर आलेले! बावीस वर्षांच्या घोड्याबरोबर! कलिंगड घेतात तसा अंगठा दाबून म्हणतात, "हं. दबतोय. जाड दाखवा, जाड!"

काकांची तऱ्हा आणखी वेगळी. त्यांच्याकडे डोंगरात चालवायची सायकल आहे, तिनं आजवर डोंगर बघितला तो गाडीच्या टपावरून. "ट्यूबलेस कर रे. आत पांढरं औषध ओतायचं, भोक आपोआप बुजतं!" बुजतं ना. पण यांच्या टायरमधलं औषध न वापरून न वापरून असं वाळलंय की चाक हलवलं की खुळखुळा वाजतो! आणि हा माणूस मला शिकवणार!

आणला जाड टायर. आठवड्यात पंक्चर. मग त्याहून जाड, तोच गट्ट्यांचा. सायकल रस्त्यावरून अशी घरघरत जाते की लोक गिरणी समजून बाजूला होतात, बॅटरी अर्ध्या वाटेत मान टाकते, आणि एवढं सगळं करून तोही पंक्चर! बाबा म्हणतात, "अजून जाड मिळत असेल." अजून? आता काय, रोडरोलर आणू?

आणि बसवणार कोण? बाबाच! दुकानात बसवू देतील तर शपथ. तीस वर्षं कारखान्यात फोरमन होते, त्यामुळे जगातल्या प्रत्येक गोल वस्तूवर यांचा हक्क. मी नुसता हात पुढे केला की, "राहू दे. तू इंजिनियरिंग तिसऱ्या वर्षाला सोडलंस. टायर चौथ्या वर्षाला असतो."

शेवटी परवा चौकातल्या पंक्चरवाल्या मावशींकडे गेलो. त्यांनी ट्यूब पाण्यात बुडवली, बुडबुडे बघितले, मग माझ्याकडे बघितलं.

"टायर कुणी चढवला?"

"वडिलांनी."

"कशानं?"

"स्क्रूड्रायव्हरनं."

"तरीच! अरे, भोक बघ कुठे आहे. आतल्या बाजूला, रिमकडे. आधी नुसता ओरखडा पडतो, मग चार-आठ दिवसांनी फाटतो. रस्ता काय आतून आला होता?"

कळलं का? टायर जितका जाड, तितका रिमवर चढायला हट्टी. तो जितका हट्टी, तितका बाबांना जोर. आणि बाबांना जितका जोर, तितका स्क्रूड्रायव्हर ट्यूबमध्ये! मावशी जुन्या पॅचवरून बोट फिरवत म्हणाल्या, "रस्त्यानं तुझं एकही पंक्चर केलेलं नाही, बाळा. सगळी घरचीच आहेत."

टायर चढवायचे प्लास्टिकचे दोन चपटे दांडे दिले त्यांनी. घरी आलो, चप्पलसुद्धा काढली नाही, तोंडावर सांगितलं, "बाबा, पंक्चर तुम्ही करता." बाबांनी चष्मा लावला, ट्यूब उजेडात धरली, बराच वेळ भोक बघितलं... मला वाटलं, आता! बावीस वर्षांत पहिल्यांदा हा माणूस 'चुकलो' म्हणणार!

"खिळा आतून गेला असेल," म्हणाले.

आतून! मी दांडे त्यांच्या पुढ्यात ठेवले आणि कामावर गेलो.

आज सुट्टी होती. संध्याकाळी बाहेरून येतो, तर काय? बाबा पडवीत, गुडघ्यात माझं चाक, नवाकोरा टायर... कपाळावर घाम, हातात तोच स्क्रूड्रायव्हर! आणि माझे दांडे? रंगाच्या डब्यात. डबा उघडायला वापरले, वाकले. "फार नाजूक होते रे ते," म्हणाले, "आपल्याला जाड लागतं. बघ, सगळ्यात जाड आणलाय. तुझी नोकरी जायला नको." आणि शेवटचा जोर लावला. आतून हळूच आवाज आला... फुस्स. त्यांना नाही आला ऐकू. मला आला.

उद्या सकाळी नऊला एका आजोबांची कवळी पोचवायची आहे. मावशी दुकान उघडतात दहाला. मी सहालाच निघणार, बाबा उठायच्या आत, सायकल हातात धरून, चालत. टायरची काळजी नको हो.

जाड आहे.