गुरुवार, तीन दहा ते तीन पंचावन्न

नाही, टाळ्या नकोत. हसायचं तर हसा, हसणं काय कुणाच्या हातात असतं, पण टाळ्या नकोत, कारण तुम्हाला सांगतो, माझं जे काही वाटोळं झालंय ते टाळ्यांनीच झालंय. मी मागितलं काय होतं? बंगला मागितला होता? मानपत्र मागितलं होतं? मला फक्त दार उघडून हवं होतं.

कुठलं दार? तेच सांगतोय. पण आधी गल्ली सांगायला हवी, गल्लीशिवाय दार कळायचं नाही, आणि तुमच्यात नवे चेहरे पुष्कळ दिसतायत, तेव्हा पहिल्यापासून सांगतो. जुन्यांनी जरा दम धरा.

तर ही गल्ली. त्या टोकाला विद्यापीठाचं फाटक, या टोकाला मी. घर घेताना दलाल म्हणाला, "साहेब, सांस्कृतिक वस्ती आहे, भाग्य लागतं." आता मला काय माहीत? मला वाटलं, सांस्कृतिक म्हणजे लोक घरात बसून पुस्तकं वाचत असतील. गप्प. मनातल्या मनात. राहायला आलो त्याच दिवशी खालच्या कॉफीवाल्याकडे कविता सुरू झाल्या, माईकवरून, आणि एक कविता तर अशी होती की "मौन... मौन... मौन..." असं ओरडूनच सांगत होता तो पठ्ठ्या. डोक्यावर नाचाच्या बाईंचा क्लास. बाई म्हणतात, "आणि पाच, सहा, सात, आठ," की आठला आमचा पंखा थरथरतो. शेजारी भोंगेवाला. त्याचं खरं वाद्य ट्रम्पेट आहे, पण आम्ही भोंगेवालाच म्हणतो. दोन वर्षं एकच धून वाजवतोय आणि एकाच जागी चुकतोय, इतका नेमानं चुकतोय की तो तिथे चुकला की मी झोपेत कुशीवर वळतो. आणि खाली कट्ट्यावर विद्यार्थी. एकदा तर बावीस जण, मी मोजले, बावीस जण एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून तावातावानं ठरवत होते की माणूस हा मुळात एकटाच असतो. अरे मग जा ना एकटे, घरी जा!

आता हे कुणाला चाललंही असतं. आमच्या हिला चाललं. ही तर महिन्याभरात मातीकामाच्या वर्गाला जायला लागली, घरात अठरा वाकडी भांडी झाली, मी एकात चमचे ठेवले तर म्हणाली, "अहो, ते चमच्यांसाठी नाहीये." मग कशासाठी आहे? "असण्यासाठी आहे." घ्या.

पण माझं काम वेगळं आहे हो. मी बस डेपोत वेळापत्रकं लावतो. कुठली गाडी किती वाजता सुटायची, किती वाजता परतायची, कुठल्या ड्रायव्हरनं कुठे चहा प्यायचा, सगळं माझ्या तक्त्यावर. पहाटे चारला कामावर, दुपारी एकला घरी, दोनला झोप. म्हणजे झोपायची वेळ दोनची, झोप वेगळी. दोनला बाई म्हणणार पाच-सहा-सात-आठ. आणि झोप नसली की काय होतं? मी सत्तर नंबरची जायची वेळ लावली आणि यायची लावलीच नाही. तो ड्रायव्हर बिचारा शेवटच्या थांब्यावर चार तास गाडी घेऊन बसून, कागदावर नाही तर कसा येणार! साहेबांनी आत बोलावलं. म्हणाले, "सत्तावीस वर्षं झाली तुम्हाला, म्हणून या वेळी बोलत नाही. पुन्हा असं झालं तर टेबल दुसऱ्याला देतो, तुम्ही बसा चौकशीच्या खिडकीत." सत्तावीस वर्षं, आणि चौकशीची खिडकी. घरी नाही सांगितलं. कुणाला सांगणार, त्या वाकड्या भांड्यांना?

तेव्हा ठरवलं, घर विकायचं. गावाबाहेर, दूध डेअरीच्या मागे, एक जागा बघून ठेवली. तिथे काही होत नाही. मी दोन तास उभा राहून आलो, खरंच काही झालं नाही, डोळे भरून आले माझे. पण आधी हे घर खपायला पाहिजे ना? सात गिऱ्हाइकं आली. एक तर जिन्यातूनच परत गेलं, भोंगेवाला नेमका चुकला होता. मग आठवे आले, फोनवर. ग्रंथालयातून निवृत्त झालेले गृहस्थ. पस्तीस वर्षं लोकांना "शूऽऽ" करत काढलेली, त्यामुळे फोनवरही कुजबुजत बोलायचे. "शांत आहे ना हो जागा?" मी म्हटलं, "शांत? अहो, भिंतीवरचं घड्याळ काढून ठेवलंय आम्ही, टिकटिकीचा त्रास होतो म्हणून." खोटं बोललो. बोललो तर बोललो. बुडत्याला काय विचारता?

आणि मग मी ते केलं जे मला येतं. डेपोतला कोरा तक्ता आणला आणि तीन आठवडे गल्लीचं वेळापत्रक लावलं. सोमवार ते रविवार, प्रत्येक आवाजाला रकाना. कविता निळ्या शाईत, नाच लाल, भोंगा हिरवा, कट्टा पेन्सिलीनं, कारण कट्ट्याचा भरवसा नाही. तक्ता असा गच्च भरला की काय सांगू. आणि त्यात एक, फक्त एक रकाना कोरा राहिला. गुरुवार, तीन दहा ते तीन पंचावन्न. बाई विद्यापीठात शिकवायला जातात. भोंगेवाला स्वतः शिकायला जातो, मोठी आशा आहे त्याला. कॉफीवाला फरशी पुसतो. आणि कट्ट्यावरची सगळी पोरं नाटकवाल्या सरांच्या तासाला, हजेरी सक्तीची. पंचेचाळीस मिनिटं गल्ली मेल्यासारखी पडलेली. मी ग्रंथालयवाल्यांना म्हटलं, "या की गुरुवारी, सव्वातीनला."

गुरुवार उजाडला. ही मातीकामाला गेलेली. मी इस्त्रीचा शर्ट घातला, टाय बांधला, आणि पँट? पँट बाल्कनीत वाळत होती. तीनला पाच मिनिटं होती, मी चट्ट्यापट्ट्याच्या हाफपँटवर बाल्कनीत गेलो, आणि दोन वर्षांची सवय हो, या गल्लीत आल्यापासून मी कुठल्याही दारातून गेलो की ते मागे घट्ट ओढून घेतो, आवाज आत यायला नको म्हणून. ओढलं. आतली कडी सैल. खट्. आपोआप पडली.

ही कधीपासून म्हणत होती, कडी दुरुस्त करा. म्हणत होती. मान्य आहे.

फोन आत टेबलावर. खिडक्यांच्या फटीत मीच कापूस कोंबलेला. तीन दहा झाले आणि गल्ली शांत झाली, अगदी माझ्या तक्त्याबरहुकूम, काय ती शांतता, आणि तिच्यात मी वर टाय, खाली चट्टेपट्टे, हातात ओली पँट. आता ओरडायचं कसं? ओरडलो तर शांततेची वाट, आणि नाही ओरडलो तर गिऱ्हाइकाला दार कोण उघडणार? खालून एक मुलगी चालली होती, तासाला उशीर झालेली. मी हळूच म्हटलं, "ताई, जरा कुणाला तरी बोलावून दार उघडून देता का? मी अडकलोय." ती थांबली. वर बघितलं. टाय बघितला, चट्टेपट्टे बघितले. आणि फुटपाथवर मांडी घालून बसली. वही काढली.

तिचीही चूक नाही म्हणा. आदल्याच आठवड्यात कोपऱ्यावर एक जण पिंजऱ्यात बसला होता, तीन तास, आणि त्याला सोडवायला गेलेल्या भाजीवाल्याला सगळ्यांनी रागावून बाजूला केलं होतं. तिनं वर्गात निरोप पाठवला, आणि पाच मिनिटांत नाटकवाले सर तास सोडून चाळीस पोरं घेऊन हजर. माझ्या कोऱ्या रकान्यात! मी म्हटलं, "अहो, हे नाटक नाहीये." टाळ्या. मी म्हटलं, "खरंच अडकलोय हो." सर डोळे मिटून म्हणतात, "बघा, मुलांनो, वर अधिकारी, खाली उघडा माणूस. आणि हातात ओली पँट. ती पँट विसरू नका." लिहून घेतलं पोरांनी. मला फक्त दार उघडून हवं होतं आणि पोरं पँट लिहून घेत होती.

तेवढ्यात, तुम्हाला सांगतो, रस्त्यानं कुलूपवाला आला. खरा कुलूपवाला, खांद्याला पिशवी, पिशवीत हत्यारं. मला वाटलं, सुटलो. तो म्हणाला, "काय झालं? कडी पडली? दोन मिनिटांचं काम आहे," आणि निघाला जिन्याकडे. सरांनी त्याचा दंड धरला. "अहो, काय करताय? तुम्ही दार उघडलंत तर शेवटच जाईल." कुलूपवाल्यानं माझ्याकडे बघितलं, सरांकडे बघितलं, पिशवी खाली ठेवली आणि तिच्यावर बसला.

मग माझा तोल गेला. मी बोललो. दोन वर्षं जे घशाशी होतं ते सगळं बोललो. भोंगा बोललो, पंखा बोललो, सत्तर नंबरची गाडी बोललो, साहेबांची खिडकी बोललो. म्हटलं, "मी त्या ड्रायव्हरसारखा झालोय हो, शेवटच्या थांब्यावर बसलोय, आणि परत यायची वेळ कागदावर कुणी लिहिलेलीच नाही. मी कलेचा शत्रू नाही. मला झोप पाहिजे. म्हणून मी खोटं बोलून घर विकतोय, तो बिचारा शांतता शोधत येतोय आणि मी त्याला फसवतोय, आणि मला त्याची लाजही वाटत नाही, एवढा दमलोय मी." आणि रडलो. बाल्कनीत, टाय लावून.

एक माणूस हलला नाही. दोन वर्षांत कधी नव्हती अशी शांतता पडली त्या गल्लीत. आणि त्या शांततेत, बंद दाराच्या आत, माझा फोन वाजायला लागला. मी खाली बघितलं. गर्दीच्या कडेला एक पिकल्या केसांचे गृहस्थ, फोन कानाला, नजर माझ्यावर. त्यांनी फोन खाली केला. आतला आवाज थांबला.

आणि मग टाळ्या. उभं राहून. आणि मागच्या रांगेत कोपरापर्यंत माती लागलेली आमची ही, तीही टाळ्या वाजवतेय! वर आली, कडी काढली, मी म्हटलं, "अगं, तू कधीपासून उभी होतीस?" म्हणाली, "भोंग्यापासून." मी म्हटलं, "मग दार का नाही उघडलंस?" तर डोळे पुसत म्हणाली, "उघडलं असतं तर तुम्ही गप्प झाला असता. दोन वर्षं मी विचारतेय काय झालंय, तुम्ही म्हणता काही नाही. गाडीचं मला चाळीस पोरांबरोबर कळावं?" मी पँट घातली. ओलीच.

ग्रंथालयवाले वर आले, चहा घेतला. मी हात जोडले, म्हटलं, चुकलो, तुम्ही जा, रागवा. ते म्हणाले, "रागवू कशाला? पस्तीस वर्षं मी माणसांना गप्प बसवलं. कुणी तोंड उघडलं की मी बोट ओठावर. आज पहिल्यांदा एक माणूस शेवटपर्यंत ऐकला." मी म्हटलं, "मग घेताय घर?" म्हणाले, "इथेच घेतो. पण तुमचं नको." महिन्याभरात समोरचं घेतलं. का, तर तिथून माझी बाल्कनी बरोबर दिसते. ते बघा, बसलेत. काका, नमस्कार.

दुसऱ्या गुरुवारी तीनला पोरं येऊन बसली. मी म्हटलं, जा. नाही गेली. कुलूपवाला आला, पिशवीवर बसला. भोंगेवाल्यानं शिकवणी बदलून घेतली. मी बाल्कनीत सांगायला आलो की आज काही नाही, घरी जा, आणि मागे खट्. या वेळी कडी सैल नव्हती, दुरुस्त केली होती मी. हिनं घातली. म्हणते, "उघडी ठेवली की तुमच्या आवाजात जीव येत नाही." तेव्हापासून दर गुरुवारी हे असं. झोप येते का म्हणाल, तर येते. गुरुवारी बोलून झालं की येते, बाईंच्या आठलासुद्धा जाग येत नाही. पण म्हणून काय मी सुटलो? घर विकायला पुन्हा तक्ता काढला परवा, म्हटलं, कुठे एखादा कोरा रकाना सापडतो का बघू. एकही नाही. होता तो एक, त्यात माझंच नाव, माझ्याच अक्षरात, काळ्या शाईत.

काका, किती वाजले? तीन चोपन्न? मग अजून एक मिनिट उभं राहायला हवं. नाही हो, आता ठोठावून उपयोग नाही, ही पंचावन्नच्या आत कडी काढायची नाही. वेळापत्रक मीच लावलंय ना.