तिसऱ्या रांगेतला षड्ज

आजच्या सोहळ्याचे अध्यक्ष आदरणीय भैय्याजी, व्यासपीठावरच्या अकराही खुर्च्या भरून उरलेले मान्यवर, सत्कारमूर्ती गायक वासुदेवबुवा, सिहोऱ्यातले आणि आसपासच्या गावांतून आलेले रसिकहो, आणि तिसऱ्या रांगेत खांबाशेजारी बसलेल्या उषाकाकू, सर्वांना माझा नमस्कार.

मला पाच मिनिटं दिली आहेत. मी जास्त घेणार आहे. का ते पुढे सांगतो. पेपरात लोकांच्या टोप्या उडवण्यावर माझं पोट चालतं. अशा माणसाला सत्काराला बोलावणं म्हणजे धानाच्या बांधीत रेडा सोडणं. पण घाबरू नका, आज टोपी माझीच उडणार आहे.

बुवा करडी गावच्या धानकऱ्याचा मुलगा. चौदाव्या वर्षी नागपूरला गुरूंकडे गेले. गुरूंनी पहिलं दीड वर्ष फक्त 'सा' लावून घेतला. दीड वर्ष! आपल्याकडे तेवढ्यात माणूस सरपंच होतो, पडतो आणि पुन्हा उभा राहतो. आठ वर्षांनी ते परत आले, तेव्हा गाव म्हणालं, "गाण्यानं धान पिकते का?" बुवा पंचेचाळीस वर्षं याच भागात गात आणि शिकवत राहिले. मोठ्या शहरांनी बोलावलं, तिथे गायले, आणि परत येऊन शिष्यांसमोर बसले. त्यांचा मारवा ऐकल्यावर मला दोन दिवस कुणाबद्दल वाईट लिहवलं नव्हतं. संपादक काळजीत पडले होते.

आज त्यांची शेवटची जाहीर मैफल. यापुढे घरीच गाणार. पण रसिकहो, एवढी वर्षं बुवा ज्या सुरावर उभे राहिले, तो धरला होता कोणी?

उषाकाकू आंबागडच्या. चाळीस वर्षांपूर्वी लग्न होऊन बुवांच्या घरी आल्या तेव्हा तानपुरा पाहून म्हणाल्या होत्या, "एवढा मोठा भोपळा घरात कायले ठेवला?" सहा महिन्यांत तोच भोपळा घेऊन बुवांच्या मागे बसल्या. कसं जमलं, असं मी एकदा विचारलं. म्हणाल्या, "धान रोवण्यासारखंच हाय, बाबू. मागं मागं सरकाचं, पण ओळ सोडाची नाही."

मी पडलो शहाणा. वीस वर्षांपूर्वी मी सदरात लिहिलं, 'तानपुऱ्यावरची बाई मैफलीतल्या टेबलासारखी. असली तर दिसत नाही, नसली तर हार कुठे ठेवायचे हा प्रश्न.' लोक हसले. पुढच्या महिन्यात काकूंच्या घरी गेलो. त्यांनी चहा दिला आणि म्हणाल्या, "वाचलं मी. टेबल म्हणला ना मले? बरं हाय. टेबल हालत नाही ना."

याचा अर्थ मला आंबागडला कळला. संध्याकाळची मैफल, बुवांचा मारवा रंगात आलेला, आणि मंडपाला खेटून डीजेची वरात आली. बांबू थरथरू लागले. तबलजी डीजेच्या ठेक्यात गेले. मी नाव घेत नाही. गोपीचंदराव, तुम्ही खाली बघू नका. बुवांचा आवाज केसभर उतरला. त्या एकाच दिवशी मी त्यांना घाबरलेलं पाहिलं. काकूंनी काय केलं? तानपुरा जरासा बुवांच्या कानाकडे झुकवला. बाकी तारांवर तेच. मधलं बोट एकदा, तर्जनी तीनदा. वरात पंधरा मिनिटं तिथेच नाचली आणि गेली. मागे काय उरलं? तो 'सा', जिथे होता तिथेच. बुवा डोळे मिटून त्यावर परत आले, आणि माझे हात जोडले गेले. मी बऱ्याच देवळांत गेलो आहे, पण असे हात आपोआप कुठे जोडले गेले नव्हते.

नंतर विचारलं, "काकू, डीजे ऐकू नाही आला?"

"आला ना. पण मी काहून त्याच्या मागं जाऊ? जाऊन तं तो राहिला होता."

आता आजची निमंत्रणपत्रिका पाहा. गायक, तबला, पेटी, मंडप, अल्पोपहार, सगळ्यांची नावं आहेत. तानपुरा? 'इलेक्ट्रॉनिक. समितीतर्फे भेट.' म्हणे, काकूंना आराम! काकूंना विचारलं कोणी? मी समितीत आहे. मीही विचारलं नाही. बुवा, प्रूफ तुम्हीही पाहिलं होतं. पाणी नंतर प्या.

मघाशी त्या इलेक्ट्रॉनिक डबीची चाचणी चालली होती, तेव्हा मी काकूंकडे पाहिलं. मांडीवर पर्स, पर्सवर उजवा हात. मधलं बोट एकदा, तर्जनी तीनदा.

त्यांची नात गुड्डी शेजारी होती. तिला विचारलं, आजी नाराज आहे का गं? ती म्हणाली, "नाराज नाही जी. आजीनं सकाळीच तानपुरा जुळवून ठेवला. कोणी न्याले येईल म्हणून दारातच बसून होती. मंग आटो आला, तं रिकाम्या हातानंच त्यात बसली."

म्हणून मी लांबवतो आहे, रसिकहो. समितीतल्या धनंजयरावांना मी जीप घेऊन काकूंच्या घरी पाठवलं होतं. ते आता मागच्या दारात उभे आहेत, नवं धान घरात आणावं तसा तानपुरा दोन्ही हातांत धरून.

भैय्याजी, बारावी खुर्ची नको. बुवांच्या मागची सतरंजी तेवढी मोकळी करा, आणि ती डबी बंद करा. काकू मानेनं नाही म्हणताहेत. बुवा, काही बोललात का? माईकवर बोला, सगळ्यांना ऐकू द्या.

"उषा, जीपमधी सूर उतरला असंल. ये, जुळव."

ऐकलंत ना? माझं भाषण इथेच संपतं.

अध्यक्षांचे, समितीचे आणि आपणा सर्वांचे आभार. शेवटी 'काही चुकलं असल्यास' म्हणायची रीत आहे. असल्यास कसलं? चुकलं. चाळीस वर्षं चुकलं, आणि आज तर छापून चुकलं. काकू, पदरात घ्या. पायरी उंच आहे, सावकाश या. आम्ही कुठं जाऊन नाही राहिलो.